मोसंबीवरचा धागा

पृथ्वी गोल हाय का सपाट, ह्यावरून आमच्या घरात चैत्रापासून पौषापर्यंत भांडण चाललं, आणि खरं सांगते, मला त्याचं काडीचं देणंघेणं नव्हतं. गोल असली तरी भाकरी मलाच थापायची आणि सपाट असली तरी मलाच. पण त्या भांडणाच्या बुडाशी काय होतं ते मला ठाऊक होतं आणि आमच्या मास्तरांना ठाऊक नव्हतं. म्हणून सांगते. नाय तर असलं कोण सांगत बसतंय.

मास्तर म्हणजे माझे मालक, बद्रीनाथ मास्तर. जन्मभर हायस्कुलात पोरांना विज्ञान शिकवलं. रिटायर झाले, पण खोड गेली नाय. भाजीवालीचा तराजू तपासतील, दवाखान्यातलं घड्याळ मागं हाय म्हणून डॉक्टरला सुनवतील. चूक दिसली की ह्यांच्या अंगात येतं. मी पाचोडची, शेतकऱ्याची लेक. मी म्हणायची, अहो, जगाला जरा चुकू द्या की! पण ऐकतील तर मास्तर कसले.

त्यांचा एकच मैतर, हबीबभाई. शहागंजात त्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान, आणि घर आमच्या भिंतीला भिंत लावून. दोघं एका वाणाचे. हबीबभाईंना ‘अंदाजे’ हा शब्द शिवीसारखा. कुणी विचारलं, भाई, अंदाजे किती वाजले? तर म्हणायचे, “अंदाजे कुछ नहीं बजता. जे वाजतं ते नेमकं वाजतं.” त्यांची बायको ताहेरा माझी जिवाची. आमच्यात भिंत होती ती नुसती मातीची.

त्यांचा एकुलता एक इलियास. पोर माझ्याच चुलीपुढं वाढलं म्हणा ना. मास्तरांनी त्याला शिकवलं, पहिला आला तेव्हा जगाचा मोठा नकाशा बक्षीस दिला. तो नकाशा हबीबभाईंनी दुकानाच्या भिंतीवर लावला. पोरगं शिकून अमेरिकेला गेलं, शिकागोजवळच्या एका गावात नोकरीला लागलं, आणि मागच्या हिवाळ्यात बर्फावरून गाडी घसरून गेलं. त्यांच्यात माती लवकर द्यावी लागती. इथं आणणं काही जमलं नाय. आईबापानं फोनच्या एवढ्याशा काचेत पोराचं दफन बघितलं. मी ताहेराच्या पाठीवर हात ठेवून मागं बसले होते. मेल्या त्या काचेत नीट दिसत बी नव्हतं.

नंतर चैत्रात आम्ही दोघी गच्चीवर कुरडया घालत होतो. ताहेरा एकदम थांबली. चिकाचा हात तसाच. म्हणाली, “बाई, ह्यांना झोप नाय.”

म्हणलं, कुणाला येती झोप, लेकरू गेल्यावर.

“ते नाय. दुसरंच हाय.”

मग तिनं सांगितलं. त्यांच्यात मयताला कबरीत उजव्या कुशीवर ठेवतात, तोंड काब्याकडं, मक्केकडं. हबीबभाईंनी इलियासच्या तिथल्या दोस्ताला फोन करून विचारलं होतं, तोंड नेमकं कुठल्या दिशेला केलं? त्यानं कबरीपाशी होकायंत्र धरून सांगितलं, आग्नेयेला, पूर्व आणि दक्षिणेच्या मधी. हबीबभाईंनी दुकानातल्या नकाशावर शिकागोपासून मक्केपर्यंत धागा ताणला. धागा पूर्वेकडून दक्षिणेला झुकलेला. जुळलं. त्या दिवशी माणूस जरा जेवला.

मग त्याच दोस्तानं बोलता बोलता सांगून टाकलं, की चाचा, हे कब्रस्तान जुनं हाय. पहिली मंडळी नकाशा बघून आग्नेयेला तोंड करायची. आता सगळ्या मशिदी ईशान्येला करतात, कारण पृथ्वी गोल हाय, गोलावर जवळचा रस्ता वरून, उत्तरेकडून जातो. पण इलियासला जागा जुन्या भागात मिळाली, तिथं सगळ्या कबरी जुन्या हिशोबानं.

“मौलाना साहब को पूछा,” ताहेरा म्हणाली. “ते म्हणाले, अल्ला नियत बघतो. ठेवणाऱ्यांनी बरोबर समजून ठेवलं, म्हणजे बरोबर. माझं मन थाऱ्यावर आलं बाई. ह्यांचं नाय आलं. म्हणतात, मैंने बच्चे को कभी अंदाजे से नहीं छोड़ा.”

आणि मग फोनवर कुठून तरी ते व्हिडिओ आले. पृथ्वी सपाट हाय म्हणणारे. हबीबभाईंनी एक बघितला, मग दुसरा, मग दिवसभर तेच. सपाट असंल तर नकाशा खरा. नकाशा खरा तर धागा खरा. आणि धागा खरा तर लेकरू नेमक्या जागी तोंड करून निजलेलं. बुडत्याला काडी म्हणतात ती हीच.

“मास्तरांना सांगू नको,” ताहेरानं माझा हात धरला. “तुला माझ्या गळ्याची शपथ. त्यांना कळलं तर दयेनं गप बसतील. आणि मास्तर वाद सोडून गप बसले की ह्यांना लगेच कळंल, का ते.”

ते मात्र खरं होतं. मास्तर गप बसले तर गल्लीतल्या कुत्र्याला बी शंका यावी. मी शपथ घेतली.

पण मास्तरांना दुकानात जाण्यापासून कोण अडवणार? दुसऱ्याच आठवड्यात घरी आले ते तणतणत. “हबीब गिऱ्हाइकांना सांगतोय पृथ्वी सपाट आहे! माझा हबीब! लोक हसताहेत त्याला. ग्रहणात चंद्रावर गोल सावली पडते म्हणालो, तर म्हणतो, सावली कुणाची कशावरून? जहाजाचं सांगितलं, तर म्हणतो, औरंगाबादेत जहाज दाखव.”

म्हणलं, असू द्या की. म्हणू द्या सपाट. तुमच्या ताटातली भाकरी घसरून पडती का?

“द्वारके, लोक त्याला वेडा म्हणतात. मी ऐकून घेऊ?”

आता ह्याला काय बोलावं! प्रेमापोटी भांडणारा माणूस सगळ्यात वाईट, त्याला थांबवता येत नाय.

तर ठरलं असं, की पैठणला नाथसागरावर जायचं. धरणाचं पाणी म्हणजे आमचा समुद्रच. ह्या काठावर पाण्याला लागून बसायचं आणि दुर्बिणीतून पल्याडच्या काठावरची पंपाची खोली बघायची. बुटकी खोली, पांढरा चुना लावलेली. पाणी मधी फुगलेलं असंल, तर खोली त्या फुगवट्याआड जायला पाहिजे. सपाट असंल, तर उंबऱ्यापासून दिसायला पाहिजे. हबीबभाई म्हणाले, “मंजूर. अपनी आँख से देखेंगे.” 

गेलो त्या दुपारी ऊन रणरणत होतं. मी पदर डोक्यावर ओढून बाभळीखाली बसले. हबीबभाईंनी डोळ्याला दुर्बीण लावली आणि बराच वेळ काढलीच नाय. मग म्हणाले, “मास्तर, दरवाजा दिसतोय. खालची पायरी बी दिसती.”

मास्तरांनी दुर्बीण जवळजवळ हिसकावली. बघितलं. पुन्हा पुसून बघितलं. तोंड असं झालं, की वर्गात फळ्यावर गणित चुकलं असावं आणि पोरांनी बघितलं असावं. आणि हबीबभाई हसले. लेकरू गेल्यापासून पहिल्यांदा. पाण्याच्या काठी तो म्हातारा खळखळून हसला आणि मला म्हणाला, “भाभी, चाय पिलाव! सपाट हाय तुमची पृथ्वी!” मी मनात नाथबाबाला हात जोडले. म्हणलं, देवा, राहू दे अशीच.

घरी आल्यावर मास्तरांनी पेल्यात पाणी घेऊन चमचा घातला. “बघ, वाकडा दिसतो ना? उजेड वाकतो. दुपारी पाणी गार, वरची हवा तापलेली. उजेड पाण्याच्या पाठीवरून वाकून येतो आणि आड गेलेलंही दाखवतो. माझी वेळ चुकली. थंडीत, सकाळी जायला हवं होतं.”

मी चमचा काढून घेतला आणि म्हणलं, हरलात ते हरलात, आता भाजी ढवळू द्या.

पुढचे महिने बरे गेले. हबीबभाई जेवायला लागले, दाढी नीट राखायला लागले. ताहेरानं बकरी ईदला खास आमच्यासाठी केलेलं शीरखुर्म्याचं पातेलं स्वतः आणून दिलं. दुकानात नकाशावरचा धागा तसाच ताणलेला होता, दोन्ही टोकांना टाचण्या. मी गुलमंडीला बांगड्या भरायला गेले की वाट वाकडी करून तिकडून जायची आणि तो धागा बघून यायची. मला वाटायचं, मास्तर विसरले असतील.

कशाचे विसरतात! मार्गशीर्ष संपून थंडी पडली, तशी हे दुर्बीण हुडकायला लागले. ती मी ज्वारीच्या कोठीत खाली दडवून ठेवली होती. दोन दिवस घर पालथं घातलं. तिसऱ्या दिवशी कबुतरांना दाणे टाकायला म्हणून कोठीत हात घातला आणि ज्वारीनं भरलेली दुर्बीण घेऊन माझ्यापुढं उभे.

“हे काय?”

मी चिडूनच बोलले. “व्हय, मीच ठेवली! तुम्हाला मैतर पाहिजे का पृथ्वी पाहिजे? त्या माणसाचं काय ऱ्हायलंय आता? एक सपाट पृथ्वी ऱ्हायली तर ती बी काढून घेता?”

ते जरा थबकले. मला वाटलं, विचारतील, असं का म्हणतेस? माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. पण ताहेराचा गळा आठवला. मास्तर हळूच म्हणाले, “मित्राला खोट्यात ठेवून कसा जगू ग मी? त्याचं कुणी नाही आता. लोक हसतात तर निदान मी तरी खरं सांगावं.” 

मी शेजारी गेले, हबीबभाईंनाच म्हणलं, नका जाऊ, थंडी लई हाय, छाती भरंल. तर ते मफलर गुंडाळून तयार. “नाय भाभी. घड्याळ बरोबर असलं तर दोनदा तपासायला कायको डरना?” पण बोलताना माझ्याकडं बघितलं नाय. ताहेरा दाराआड उभी होती.

पहिल्या एसटीनं गेलो. भावानं पाचोडहून मोसंब्या धाडल्या होत्या, त्या मी पिशवीत घेतल्या, भाकरी घेतली. पाण्यावरून वाफ निघत होती. ऊन जरा वर आल्यावर पल्याडचा काठ मोकळा झाला.

हबीबभाई पाण्याजवळ दगडावर बसले. दुर्बीण लावली.

“झाडं दिसतात,” म्हणाले. “शेंडे.” मग दुर्बीण हळूहळू काठावरून फिरवली. “मास्तर, खोली नाय.”

“आता वर चल,” मास्तर म्हणाले. “बांधावर चढ आणि बघ.”

त्यांना हात धरून वर नेलं. वरून बघितलं आणि हबीबभाईंचे ओठ हलले. पांढरी खोली होती तिथंच. दरवाजा बी होता. ते खाली उतरले, दगडावर बसले, खोली गेली. पुन्हा चढले, आली. पुन्हा उतरले. गुडघ्यावर हात ठेवत, दम खात, कितीदा तरी. जसं बिघडलेलं घड्याळ कानाशी धरून हलवावं, की आता चालंल, आता चालंल. मला बघवंना. मी म्हणलं, बास करा हो! पण ते चढतच होते.

शेवटी खाली बसले. दुर्बीण मांडीवर. म्हणाले, “सपाट असती तर खाली बसून बी दिसायला पाहिजे होती.”

“तेच तर!” मास्तरांचा चेहरा नुसता उजळलेला. त्यांना वाटलं, मैतर परत मिळाला.

“मास्तर,” हबीबभाई म्हणाले, “मग गोलावर शिकागोहून मक्केचा रस्ता कसा जाईल?”

मी मधीच म्हणलं, आधी खाऊन घ्या, भाकरी गार होती. पण मास्तरांना कुणी प्रश्न विचारला की भूक लागत नाय. माझ्या पिशवीतली मोसंबी काढली, खिशातल्या पेनानं तिच्यावर दोन ठिपके दिले, देठाचा उत्तर ध्रुव केला. मग म्हणाले, धागा दे. मी म्हणलं, नाय माझ्याकडं. तर माझ्याच पदराच्या काठाचा सुटलेला धागा ओढून तोडला, आणि दोन ठिपक्यांवर ताणून धरला.

“बघ. घट्ट ताणला की आपोआप सगळ्यात जवळचा रस्ता धरतो. निघतानाच वर चढतो, उत्तरेकडं. ईशान्य! पुष्कळ लोक इथंच फसतात.”

“आग्नेय नाय?”

“आग्नेय कशी? ती सपाट नकाशानं केलेली फसवणूक. तिथून आग्नेयेला तोंड केलं, तर माणूस मक्केकडं नाही, रिकाम्या समुद्राकडं बघत बसेल.”

असं बोलले. हसत बोलले. आणि मी शपथेखाली गाडलेली, तोंडात पदर कोंबून बसले होते.

हबीबभाईंनी मोसंबी हातात घेतली. धाग्यावरून बोट फिरवलं, तसं ते घड्याळातल्या केसाएवढ्या तारेवरून फिरवायचे. मग इतक्या साध्या आवाजात म्हणाले, जसं कुणाला वेळ सांगावी.

“मग माझा इलियास समुद्राकडं बघतोय.”

मास्तरांना कळलं नाय. माझ्याकडं बघितलं. मी रडत होते. मग मी सगळं सांगितलं, कबरीचं, दोस्ताचं, नकाशावरच्या धाग्याचं. हबीबभाई तिथंच बसून ऐकत होते, दुसऱ्या कुणाची गोष्ट असल्यासारखी. मास्तर पाण्यात उभे होते, धोतर भिजलं तरी हलले नाय.

परतीच्या एसटीत बसलो. मोसंबी हबीबभाईंच्या हातात होती.

त्यानंतर मास्तरांनी अन्न टाकलं म्हणा ना. ताटावर बसायचे आणि उठायचे. मला बोलायची सोय नव्हती, बोलले तर म्हणायचे, “मला सांगायचं होतंस ग.” आणि पुन्हा स्वतःच, “नाही. सांगितलं असतंस तरी मी काय केलं असतं?” एक दिवस सकाळी अंघोळ करून कोट घातला आणि म्हणाले, “चल. दुकानात जाऊ. तू पाहिजेस.”

दुकानात नकाशा नव्हता. भिंतीवर त्याच्या जागी चुन्याचा पांढरा चौकोन तेवढा. मोसंबी फळीवर होती, घड्याळांच्या मधी. सुकून आवळली होती, तरी धागा तसाच, टाचण्यांनी रोवलेला. हबीबभाई कुणाचं तरी घड्याळ उघडून बसले होते. मान वर केली, “आवो मास्तर.”

मास्तर उभेच राहिले. घसा खाकरला.

“हबीब, माझं चुकलं,” म्हणाले. “मी पुन्हा हिशोब केला. थंडीतही उजेड वाकतो. उलटा वाकतो. नसलेला फुगवटा दाखवतो. उन्हाळ्यात आपण बघितलं तेच खरं होतं. पृथ्वी... पृथ्वी सपाट आहे. नकाशा बरोबर आहे. तू परत लाव.”

मी आयुष्यभर ह्या माणसाबरोबर संसार केला. पोरगी बघायला आले तेव्हा माझ्या बापाला तोंडावर सांगितलं होतं, की मुलीला स्वयंपाक येत नाही असं दिसतंय. तो माणूस भर शहागंजात उभा राहून म्हणत होता, पृथ्वी सपाट आहे, आणि हनुवटी लटलट हलत होती.

हबीबभाईंनी डोळ्याला लावलेलं भिंग काढलं. उठले, मास्तरांना हाताला धरून आपल्या स्टुलावर बसवलं, स्वतः उभे राहिले.

“मास्तर,” म्हणाले, “तुमच्याकडून इलियास शिकला. तुम्ही त्याला हेच शिकवलं होतं ना, गोल हाय म्हणून?”

मास्तरांनी खाली बघत मान हलवली.

“फिर उसके लिए झूठ मत बोलो. त्याला आवडणार नाय. आणि तुम्हाला येत बी नाय.”

मग त्यांनी पोऱ्याला धाडलं नाय, स्वतः जाऊन समोरून तीन चहा आणले. आम्ही प्यालो. मधीच एका भिंतीवरच्या घड्याळाचे ठोके पडले, मग दुसऱ्याचे, आणि हबीबभाईंनी सवयीनं मनगटाकडं बघितलं. निघताना मास्तरांनी त्या मोसंबीकडं हात केला, टाकून देतो म्हणून. हबीबभाईंनी त्यांचा हात हळूच बाजूला सारला. “असू द्या. दिशा तरी माहीत असावी. दुआ करताना मी त्याच्या आणि मक्केच्या मधी उभा राहतो.”

घरी येताना गर्दी होती. मास्तर माझ्या मागं मागं चालत होते, कधी नाय ते. गल्लीच्या तोंडाशी थांबले, कोटाच्या बाहीनं डोळे पुसले.

“द्वारके,” म्हणाले, “जन्मात एकदाच खोटं बोललो. त्यातही नापास.”

मी त्यांचा हात धरला, भर रस्त्यात, लोक बघत होते तरी. म्हणलं, चला, ताहेरा एकटीच हाय घरी.